पुसलेली शिदोरी

मी एक जुनी शिदोरी आहे आणि मला पुसून टाकलेले आहे. तरीही बोलते आहे, कारण कॉम्प्युटरमधली वस्तू पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. आधी नुसते तिचे नाव खोडतात. तिचे अंग जिथल्या तिथे पडून राहते, वरून दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. माझ्यावर अजून कोणी काही लिहिलेले नाही. म्हणून मित्रांनो, तेवढ्यात सांगून टाकते.

माझ्यात भाकरी नाही की ठेचा नाही. मला इनिशियल रॅमडिस्क म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. तुम्ही कॉम्प्युटरचे बटण दाबता तेव्हा आत सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नल. लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, तिच्या घरातला तो कर्ता पुरुष. पण जागा होतो तेव्हा तो ठार आंधळा असतो. डिस्क कुठे आहे, तिचे कुलूप कसे उघडायचे, यातले त्याला काही म्हणता काही येत नाही. ते शिकवणारे सगळे सामान डिस्कच्या आत, आणि डिस्क बंद. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून वरून कपाट ओढून घेतल्यासारखे. म्हणून शहाणी माणसे काय करतात, दार उघडण्यापुरते सामान आधीच बाजूला काढून एका गाठोड्यात बांधतात आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवतात. ते गाठोडे म्हणजे मी. कर्नल उठला की त्याच्या हाती मी. मी सुटते, कुलपाचा शब्द विचारते, दार उघडते. तो आत शिरतो आणि माझा पसारा मेमरीतून झाडून टाकतो. मूळ गाठोडे मात्र कोनाड्यातच राहते, दुसऱ्या सकाळसाठी.

आणखी एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. प्रत्येक कर्नलची शिदोरी वेगळी. नवा कर्नल आणला की त्याच्यासाठी नवी शिदोरी बांधावीच लागते. माझी त्याला चालत नाही, आणि शिदोरीवाचून तो उंबऱ्याबाहेरच मरतो.

कर्नलचे कौतुक जगभर चालते. शिदोरीचे नाव कोणी काढत नाही. अशा वेळी 'मला त्याचे काही वाटत नाही' असे म्हणायची रीत आहे. मला वाटते. आणि तुला माणसांचे बोलणे ऐकू कसे आले, असे मला विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्या छत्रीला आणि खुर्चीला तुम्ही हे कधी विचारत नाही.

माझा जन्म धुळ्याचा. पाचव्या गल्लीत कुंदन नावाच्या माणसाचे दुकान आहे. कॉलेजांनी आणि कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तो घेतो, दोघांचा एक करतो आणि विकतो. तोंडाचा फाटका, पण हाताचा नीट. त्याच्याकडे एक दिवस ललित आला. ललित अमळनेरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि अमळनेरजवळ बोरी नदीच्या काठी एका गावात राहतो. क्लासमधली पोरे त्याला सर म्हणतात. कुंदन म्हणतो मास्तर.

"मास्तर, ह्या म्हाताऱ्या मशीनवर लिनक्सच चालेल," कुंदन म्हणाला. "दुसरं काही टाकलं तर धाप लागेल तिला."

"चालेल ना भो. फक्त आवाज चांगला रेकॉर्ड झाला पाहिजे. आणि कुलूप पक्कं पाहिजे."

"कुलूप? बँक काढताय का गावात?"

ललित हसला नाही. "मायची गाणी ठेवायची आहेत. लवकर दे. तिचं ऑपरेशन आहे."

कुंदनने मग थट्टा केली नाही. त्याने लिनक्स घातले आणि माझी गाठ बांधली. कुलूप उघडायचे सामान, कीबोर्ड ओळखायचे सामान, डिस्क शोधायचे सामान, सगळे एकेक बघून आत घातले. मशीन बंद करून पुन्हा चालू केले, दार उघडते का ते पाहिले आणि मगच ललितच्या हाती दिले. मित्रांनो, ही साधी गोष्ट आहे. बांधलेली शिदोरी एकदा उघडून पाहायची. पुढचे सगळे रडणे ह्या एका गोष्टीवाचून झाले.

ललितच्या आईचे नाव भिकुबाई. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी मांडतात, भावकी जमते, नैवेद्याला गव्हाचे रोट होतात, बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवतात. तिच्या गाण्यांना एक पुढे म्हणणारी लागते. ती ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. आमच्या गावात ती पुढची बाई भिकुबाई. तिचा आवाज काही गोड नव्हता. जाडाभरडा होता, कडेला चिरलेला. पण तिने ओळ टाकली की अंगणात इकडच्या तिकडच्या गप्पा बंद पडत.

त्या गळ्यात आजार निघाला. डॉक्टरांनी ललितला बाजूला घेऊन सांगितले, आवाजाची पेटीच काढावी लागेल. बाई जगेल, बोलणार नाही. ललितने आईला हे सांगितले तेव्हा ती गहू निवडत होती. निवडणे न थांबवता तिने एवढेच विचारले, "मंग कानबाईले गाणं कोन म्हनी?"

म्हणून मशीन. म्हणून माइक. ललितची बायको सारिका धुळ्याची, हुशार, हाताला चलाख. तिने खिडकीवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, कोंबड्या शेजारी हाकलल्या. भिकुबाई माइकसमोर बसली आणि घामाने निथळत गात राहिली. एक गाणे संपले की पाणी, मग दुसरे. मध्येच खोकला यायचा. सारिका म्हणायची, "आई, खोकल्याचं काढून टाकू नंतर." भिकुबाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. मनाच शे तो बी."

पण गाण्याआधी तिने एक अट घातली होती. त्याच्या आधीच्या वर्षी कोणीतरी बायांची गाणी गुपचूप मोबाईलवर घेतली होती, आणि मग एका लग्नाच्या वरातीत ती डीजेवर धाडधाड वाजली. दारू पिऊन लोक त्याच्यावर नाचले. भिकुबाईने ते रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले होते.

"गाणं कानबाईनं शे," ती ललितला म्हणाली. "तिनासमोरच वाजाले पायजे. मोबाईलमा घालीसन गावभर वाटशी तर मना मुडदा देखशी. आनि चावी मनाजोडे ऱ्हाई."

"माय, हाई चावी नही, पासवर्ड शे. बोटघाई दाबना पडस."

"मंग बोटं शेत ना मना? कोनतं बटन कसं दाबानं ते दाखाड. आनि मी दाबसू तव्हय तू तोंड फिराव तिकडे."

तिला वाचता येत नव्हते. अक्षरे तिला खिडक्यांसारखी दिसत. कुठली खिडकी कुठल्या खिडकीनंतर ठोठावायची, ते तिने मनाशी ठरवले. ललितने तोंड फिरवले. सारिकाने फिरवले. शब्द तिने दोनदा दाबला, कुंदनने घातलेला कामचलाऊ शब्द पुसला गेला आणि कुलूप बसले. कुंदनने फोनवर सांगितले होते, दुसरी चावी करून ठेवा म्हणून. भिकुबाई नाही म्हणाली. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, दुसरी चावी कोणाकडेच नाही. आईची अट होती आणि ललितने ती पाळली. तो वाईट मुलगा नाही, हे सांगितले पाहिजे. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

ऑपरेशन झाले. भिकुबाई घरी आली ती गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा कपडा घेऊन. आवाज गेला. कुजबूज सुद्धा नाही. ती टाळी वाजवून हाक मारायला शिकली.

आता माझ्या कामाचे दिवस सांगते. मशीनवर ललित क्लासचे काम करायचा, सारिका गावातल्या लोकांच्या लग्नपत्रिका करून द्यायची. पण रोज सकाळी ते चालू करायला भिकुबाई लागायची. ती आंघोळ करून यायची, बटण दाबायची. कर्नल उठायचा, मी सुटायची आणि पडद्यावर विचारायची, शब्द काय? मग तिचे बोट यायचे. एकच बोट. एक खिडकी, मग थांबणे, मग दुसरी. चुकायची नाही. मी तो शब्द कुलपापर्यंत पोचवायची आणि तिथेच विसरायची, कारण शिदोरीने शब्द जवळ ठेवायचा नसतो. दार उघडले की ती टाळी वाजवायची. म्हणजे या, झाले.

मित्रांनो, मुक्या बाईचा तेवढा एकच शब्द दिवसातून एकदा बाहेर पडायचा, आणि तो माझ्याशी. जगात कुणाशी ती एवढे बोलत नव्हती. माझे आयुष्य रोज काही क्षणांचे. त्यातले बहुतेक तिच्या बोटाची वाट बघण्यात जायचे. त्याहून चांगले आयुष्य मला माहीत नाही.

आणि श्रावणात तर काय! कानबाई बसली की ललित दोन मोठे स्पीकर अंगणात ठेवायचा. मशीनमधून भिकुबाईचा आवाज ओळ टाकायचा, बाया उचलायच्या. खोकलाही यायचा मध्येच, आणि बाया त्या खोकल्यापाशी थांबायच्या, जशा पूर्वी थांबत. भिकुबाई स्पीकरला खेटून बसायची. एक तळवा त्याच्या लाकडावर आणि दुसरा आपल्या गळ्यावर. लाकूड थरथरायचे. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नसायचे, ती रुबाबात बसायची. शेजारची पुष्पाबाई, भाऊबंदकीतली, तोंडाळ, म्हणायची, "ओ भिकाक्का, आते तरी दम खा, मशीन गाई ऱ्हायनं ना!" आणि भिकुबाई तिला मारल्यासारखा हात करायची. पुढची बाई अजून तीच होती. हे नीट समजून घ्या. आवाज गेल्यावरही तिची जागा गेली नव्हती.

असे काही श्रावण गेले. दरम्यान सुधारलेले नवे नवे कर्नल येत. ललित एक ओळ लिहून त्यांना बोलवायचा, त्यांच्या शिदोऱ्या आपोआप बांधल्या जायच्या आणि कोनाड्यात माझ्या शेजारी येऊन बसायच्या. कोनाडा लहान असतो. तो भरत आला होता. रोजचा प्रश्न आता त्या नव्या शिदोऱ्या विचारायच्या, आणि त्यांतली एखादी बिघडली तर कामी यावी म्हणून मला ठेवलेले होते. निदान कुंदनने तसे सांगितले होते. ललितने ऐकले होते, पण ते एका कानाने.

कानबाईच्या आधी आमच्याकडे घर धुतात. दिवाळीपेक्षा जास्त. भिंतींना चुना, भांडी चिंचेने लख्ख, गोधड्या नदीवर. जुने, फुटके, तुटके सगळे बाहेर. तशी साफसफाई चालली होती. सारिका डोक्याला फडके बांधून चुना कालवत होती. भिकुबाई माळ्यावरची डबडी खाली देत होती. सगळे घर हलत असताना ललित मशीनसमोर बसला आणि ऐटीत म्हणाला, "बठ्ठं घर धुतं ना? मंग मशीनबी धुई टाकस."

भिकुबाईला ते इतके आवडले की तिने टाळी वाजवली. देवीचे गाणे जिथे राहते ती जागा धुतलीच पाहिजे. आम्हां खानदेशातल्या लोकांनाच हे सुचू शकते. मशीनची साफसफाई, चुन्याच्या दिवशी, चुन्याच्या घाईत.

ललितने नवा कर्नल मागवला. तो आला आणि कोनाड्यात बसला. आता त्याची शिदोरी बांधायची. बांधायला सुरुवात झाली, सामान गोळा होऊ लागले, आणि जागा संपली. अर्धी बांधलेली शिदोरी सुटून पडली. मशीनने तसे स्पष्ट लिहिले. जागा नाही, शिदोरी झाली नाही. चार ओळी.

"अहो," सारिका मागून चुन्याची बादली घेऊन जात होती, "ते काय लिहिलंय एवढं?"

"ते नेहमीचंच. जागा कमी आहे म्हणतंय."

"मग?"

"मग काय, जुनं काढायचं. तू तुझा चुना बघ."

त्याने कोनाडा उघडला. आम्ही ओळीने बसलेलो. जुने कर्नल, जुन्या शिदोऱ्या. मी सगळ्यांत जुनी. त्याने एकेकाचे नाव वाचलेसुद्धा नाही. गोधड्या जशा एका दमात उचलतात तसे आम्हांला उचलले आणि पुसले. माझे नाव गेले. कोनाडा एकदम मोकळा झाला. ललित खूश. पुसायचे काम किती सोपे असते! लावायला अक्कल लागते, पुसायला बोट पुरते.

त्यानंतर त्याला एकच ओळ लिहायची होती. नव्या कर्नलची शिदोरी पुन्हा बांध. एक ओळ. जागा होती, सामान होते, विजेचा दिवा जळत होता. पण त्याला वाटले, जागा झाली म्हणजे ते आपोआप झालेच असेल. आणि तेवढ्यात भिंत रंगवणारा माणूस ओरडला, "सर, टेबल ओढा ना, मागची भिंत ऱ्हायनी." ललितने मशीन बंद केले आणि टेबल ओढले. वर चादर घातली. चुना उडू नये म्हणून! कोनाड्यात कर्नल एकटा बसला होता. रिकाम्या हाताने.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. अंगण भरले. बाया नव्या पातळांत, पोरी केसांत गजरे माळून. ललितने स्पीकर लावले. भिकुबाई नऊवारी नेसली होती, गळ्यावर धुवट कपडा. ती मशीनसमोर आली, बटण दाबले आणि बोट पुढे करून थांबली. त्याच रोजच्या प्रश्नाची वाट बघत.

प्रश्न विचारायला मी नव्हते. कोणीच नव्हते. कर्नल उठला, आंधळा, हात पसरून शिदोरी शोधू लागला. डिस्क सापडेना. घर सापडेना. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा भडिमार झाला आणि तो जागीच मेला. घाबरून मरतो तसा. मरताना कीबोर्डवरचा एक बारीक दिवा लुकलुकायला लागला, आणि लुकलुकतच राहिला.

भिकुबाईचे बोट तसेच. तिने पडद्याकडे पाहिले, ललितकडे पाहिले. पुन्हा बोट पुढे केले.

"काय रे ललित," पुष्पाबाई म्हणाली, "तुना डबा उपाशी शे का? तोंडच उघडत नही."

बाया हसल्या. ललितने बंद केले, चालू केले. पुन्हा तेच. पुन्हा दिवा लुकलुक. तो शिकवणारा माणूस. त्याला दुसऱ्याच खेपेला कळले. मी ते त्याच्या हातांवरून ओळखले. हात थांबले. शिदोरी नाही, हे त्याला कळले. कोणी पुसली, तेही कळले.

त्या क्षणी त्याने म्हणायला हवे होते, माझी चूक झाली. म्हणाला असता तर काय झाले असते? पुष्पाबाईने टोमणा मारला असता. पोरी खिदळल्या असत्या. एवढेच. पण तो सर होता. अंगणात त्याच्या क्लासच्या पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या. आणि नेमके मागून कोणीतरी म्हणाले, "देखा वं, दिवा कसा डोया मिचकाडस! कानबाई माय रागे भरनी वाटस."

बुडत्याला हात मिळावा तसा ललितने तो आवाज धरला. आईकडे वळला आणि म्हणाला, "कानबाईनी मर्जी शे, माय. तिले आवडनं नही वाटस. मशीनमाथून गानं."

अंगणातल्या बायांनी चौरंगाकडे बघून हात जोडले.

मित्रांनो, भिकुबाईचा चेहरा मी पाहिला नाही. मला डोळे नाहीत. पण तिचे बोट मला ठाऊक होते, आणि ते बोट कीबोर्डवरून उचलले गेले ते मला कळले. रोज सकाळी शब्द सांगणारे बोट. ती उठली. चौरंगासमोर गेली आणि डोके टेकवून बराच वेळ तशीच राहिली. मग बायांच्या मागे, अगदी भिंतीशी जाऊन बसली. पुष्पाबाईने कसेबसे गाणे सुरू केले. ओळी विसरली. तिला विचारायला भिकुबाईकडे वळली तर भिकुबाईने मान खाली घातली. शेवटी कोणाच्या तरी पोरीने मोबाईल लावला, त्यातून कुठल्या तरी भलत्याच गावाचे गाणे डीजेच्या ठोक्यावर वाजायला लागले, आणि पोरी त्यावर नाचल्या. सोमवारी कानबाई नदीवर गेली. भिकुबाई तिच्या मागे रिकाम्या हाताने चालली.

ललितला चैन पडेना. मशीन घेऊन तो एसटीने धुळ्याला गेला. कुंदनने पडदा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"मास्तर, नवी चप्पल पायात घातल्याशिवाय जुनी फेकली तुम्ही. वर क्लास घेता."

"होईल का काही?"

"होईल का म्हणजे? तुमची डिस्क ठणठणीत आहे. गाणी आत आहेत, एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही. पेनड्राइव्हवरून चालू करतो, शब्द सांगा, आत जातो, नवी शिदोरी बांधतो. चहा गार व्हायच्या आत."

"शब्द मायला ठाऊक आहे फक्त."

"मग मायला आणा. नाहीतर चला, मीच येतो. अक्काची गाणी आहेत, पैसे बैसे काही नको."

आणि तो खरोखर आला. तुम्हांला वाटले असेल, आता सगळे नीट होईल. मलाही वाटले होते. पुसलेल्या शिदोरीलाही आशा असते, ही आमची खोड.

दुपार होती. टेबल जागेवर ओढले. कुंदनने पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर तोच प्रश्न उमटला, जो मी रोज विचारायची. शब्द काय? सारिकाने सासूला हाताला धरून आणले.

"अक्का, एकदाच दाबा," कुंदन म्हणाला. "मी तोंड फिरवतो. गल्लीत जाऊन उभा राहू का?"

भिकुबाईने हात जोडले. आधी कुंदनला, मग चौरंग जिथे मांडला होता त्या रिकाम्या कोपऱ्याला. नाही, अशी मान हलवली.

"माय," ललित तिच्या पायाशी बसला. "माय, कानबाईनं काही नही. मीच पुशी टाकं. मना हातघाई व्हयनं. जागा नव्हती, मी देखं नही, पुशी टाकं. मी खोटं बोलनू त्या दिवशी."

मग तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. लहान पोर आपले समाधान व्हावे म्हणून काहीतरी रचून सांगते, तेव्हा आई फिरवते तसा. दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या उघडमिट करून दाखवल्या. तो दिवा. तिने स्वतः पाहिला होता. देवी डोळे मिचकावते ते आख्ख्या अंगणाने पाहिले होते. मुलगा आता आईच्या मायेपोटी देवीचा दोष आपल्या अंगावर घेतो आहे, असेच तिला वाटले.

"आई, ते खरं बोलताहेत," सारिका रडायला लागली. "मी होते तिथे. चुन्याची बादली माझ्या हातात होती. मी वाचलं होतं."

भिकुबाईने तिच्याही डोक्यावर हात ठेवला. आत गेली, हळदीकुंकवाचा करंडा आणला, आणि त्या कीबोर्डला, त्या खिडक्या खिडक्यांना, हळद लावली, कुंकू लावले. निघालेल्या देवीला लावतात तसे. चिमटीभर तांदूळ टाकले. ललितने तिचा हात धरून एका अक्षरावर नेला. तिने तो सोडवून घेतला. रागाने नव्हे. देवाने परत घेतलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो, एवढेच.

मग कुंदनने पेनड्राइव्ह काढला.

आता मशीन भिंतीशी झाकून ठेवलेले आहे. भिकुबाई रोज सकाळी आंघोळ करून त्याच्या बाजूने जाते आणि थांबत नाही. गाणी शाबूत आहेत. खोकला शाबूत आहे. शब्द तिच्या बोटांत शाबूत आहे. ज्याला तुम्ही नुकसान म्हणाल असे काहीच झालेले नाही, आणि सगळे गेलेले आहे. ती गेली की कुलूप कायमचे. माझ्यावर मग कोणी काही लिहो न लिहो.

मित्रांनो, तुम्ही लिनक्सवाले असाल तर सांगते, नवा कर्नल घातला की त्याची शिदोरी बांधली गेली का ते डोळ्यांनी पाहा. एकदा त्यावर मशीन चालू करून पाहा. तोवर जुन्या शिदोरीला हात लावू नका, कोनाडा कितीही भरो. मशीन काही लिहिते ते वाचा. ते नेहमीचेच नसते. आणि ज्या घरातल्या ठेव्याची दुसरी प्रत नाही, त्या घरात साफसफाई करू नका. सणाच्या घाईत तर मुळीच नाही.

पण हे ऐकूनही तुम्ही चुकणार. सगळेच चुकतात. शिदोरी पुसणे हा काही मोठा गुन्हा नाही, कुंदन चहा गार व्हायच्या आत नवी बांधतो. चूक झाली की त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर, तोंड काळे झाले तरी म्हणा, मी केली. देवाच्या नावावर टाकू नका. एकदा आईने ते मनात घेतले की मग तुम्ही तिच्या पायाशी बसून कितीही खरे बोला, ते आत जाणार नाही.